चूल, मूल आणि चर्च : निवड नेमकी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला जाणे झाले. निमित्त पर्यटनाचे नव्हते. श्रीरामपूरकडची माझी एक वर्गमैत्रीण आहे. ती ख्रिस्ती, मी बौद्ध. आमच्या दोघींच्या आज्या एकाच महारवाड्याच्या दोन टोकांना राहत होत्या, एवढे सांगितले म्हणजे आमच्या नात्याचा उलगडा होईल. तिच्या मंडळीचे तीन दिवसांचे कौटुंबिक शिबिर धरणाजवळ शेंडी गावात भरले होते. 'तू नुसती धरण बघायला ये, प्रवचनाला बसलंच पाहिजे असं नाही,' असा तिने आग्रह केला. मी गेले, आणि धरण बाजूला राहून प्रवचनच ऐकून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळचा विषय होता 'ख्रिस्ती माता'. शहरातून आलेले एक तरुण पाळक बोलायला उभे राहिले. माणूस सालस, बोलणे गोड. तीताला लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन त्यांनी मांडणी केली. देवाने बाईला दिलेले पहिले पाचारण घर हेच आहे, नोकरीच्या मागे धावणे ही जगाची हाव आहे, आईचा पाय घराबाहेर पडला की मूल हातचे जाते, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश. शेवटी त्यांनी सांगितले, की मुलांसाठी ज्यांनी नोकरी सोडली त्या भगिनींनी उभे राहावे. सहा-सात तरुण मुली उभ्या राहिल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांत माझ्या मैत्रिणीची मुलगी होती. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, पाच वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेली.

त्याच वेळी हॉलच्या दारात एक आदिवासी बाई चहाची किटली घेऊन उभी होती. पाठीला झोळीत सात-आठ महिन्यांचे मूल. प्रवचन संपल्याशिवाय चहा द्यायचा नाही, असे तिला सांगितलेले असावे. तीही आईच होती. तिला कोणी उभे राहायला सांगितले नाही. ती मघापासून उभीच होती.

या एका चित्राने मला लिहायला बसवले. त्या पाळकांवर तोंडसुख घेण्यासाठी हा लेख नाही. घरी राहून मूल वाढवणाऱ्या बाईला मागासलेली ठरवण्यासाठी तर मुळीच नाही. प्रश्न निवडीचा आहे. निवड कोणी केली, तिची किंमत कोण मोजतो आणि उद्या तिला परत फिरायचे झाले तर वाट उघडी आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.

आपल्या काही वाचकांना वाटेल, की हा ख्रिस्ती समाजाचा घरगुती मामला आहे, आंबेडकरी दैनिकाला त्याच्याशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज बहुतांशी आपल्याच रक्ताचा आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. मागाहून अँग्लिकन आणि कॅथलिक फादर आले. त्यांच्याकडे जे गेले त्यांत महार आणि मांग बांधवांचाच भरणा होता. पोटासाठी गेले असे म्हणणाऱ्यांनी म्हणावे. ते माणुसकीसाठी गेले, हे आपल्याला तरी सांगावे लागू नये. पुढे १९५६ साली आपण ज्या नरकातून बाहेर पडलो, त्याच नरकातून ते शंभर वर्षे आधी दुसऱ्या दाराने बाहेर पडू पाहत होते.

भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला दिले गेले. असली कामे बायांच्या डोक्यावरच्या पाट्यांशिवाय होत नसत, पण धरणाला पाटी वाहणारीचे नाव देण्याची पद्धत नाही. प्रवरेचे हे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे गेले. तिथे ऊस आला, साखर कारखाने आले. त्याच पट्ट्यात गावोगाव चर्चही उभी आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात सर्व जातिधर्मांची माणसे लोटतात. मतमाउली म्हणजे मरियामाता. लेकराला कडेवर घेतलेली, सुताराच्या घरातली एक गरीब आई. लोक तिच्या पायाशी नवस बोलतात. त्या यात्रेत फिरणाऱ्या बहुतेक आयांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते.

आता याच नगरच्या मातीतला इतिहास पाहू. या जिल्ह्यात मुलींच्या शिक्षणाचे नाव निघाले की पहिले नाव येते मिस सिंथिया फरार यांचे. ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ साली इथेच वारली. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून महात्मा जोतीराव फुल्यांना आपणही मुलींची शाळा काढावी अशी प्रेरणा मिळाली. सावित्रीमाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडले जाते. या फरारबाई अविवाहित होत्या. त्यांना नवरा नव्हता, मूल नव्हते, चूल नव्हती. होती ती फक्त शाळा. नगरच्या ख्रिस्ती समाजाच्या मुळाशीच अशी एक काम करणारी बाई उभी आहे. तीतच्या पत्रातून तेवढे एक वचन उचलणाऱ्यांनी फरारबाईंचे पाचारण खोटे होते असे म्हणायची तयारी ठेवावी.

दुसरे नाव मुक्ता साळवेचे. जोतीरावांच्या शाळेतली मांग समाजाची ही चौदा वर्षांची पोर. नगरलाच १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'त तिचा निबंध १८५५ साली छापून आला. मांगा-महारांच्या दुःखांबद्दल लिहिताना ती आपल्या बायांच्या बाळंतपणाचे दुःख सांगते. डोक्यावर धड छप्पर नाही, आणि त्या थंडी-पावसात बाई बाळंत होते. मातृत्वाविषयी मराठीत दलित मुलीने लिहिलेला हा पहिला जबाब. त्यात आईपणाचे गोडवे नाहीत, छपराची मागणी आहे. या लेखात मला जे म्हणायचे आहे, ते मुक्ताने पावणेदोनशे वर्षांपूर्वी म्हणून ठेवले आहे.

त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत मिशनने आमच्या ख्रिस्ती बहिणींना तीन कामे दिली. बायबल बाई, मास्तरीण आणि नर्स. माझ्या मैत्रिणीची आजी बायबल बाई होती. ती वाडीवस्तीवर पायी हिंडत असे. वचन वाचून दाखवी आणि जाता जाता बायकांना अक्षरे शिकवी. सावली पडली तर विटाळ मानणाऱ्या गावात महाराची लेक हातात पुस्तक घेऊन फिरते, हे दृश्य त्या काळात काय असेल, याची कल्पना करा. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली म्हणून त्यांचे नगर-राहुरीचे दिवस आपल्याला ठाऊक झाले. त्या ब्राह्मण घरातून आल्या होत्या, लिहिणे त्यांच्या घरात होते. बायबल बायांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांच्या नाती शिकल्या, हेच त्यांचे लिखाण.

अगदी अलीकडचे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या प्रकल्पाचा कणा होत्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या. त्यांत दलित बाया होत्या, निरक्षर बाया होत्या, लेकुरवाळ्या बाया होत्या. गावातली लेकरे जगवायची तर गावातल्या आईच्याच हाती ज्ञान दिले पाहिजे, हे त्या दांपत्याने दाखवून दिले. आई म्हणून जे ती जाणत होती, तेच तिच्या कामाचे भांडवल झाले. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे अशी फाळणी जामखेडला झाली नाही.

मग ज्यांच्या आजीने वस्त्या तुडवल्या, त्यांच्या नातीने घरी का बसावे?

त्या संध्याकाळी पाऊस जरा उघडला होता. मैत्रिणीची मुलगी आणि मी धरणाच्या बाजूने फिरायला निघालो. मी तिला थेटच विचारले, 'तू नोकरी का सोडलीस?'

ती म्हणाली, 'मावशी, पाळकांनी सांगायच्या कितीतरी आधी मी नोकरी सोडली होती. त्यांनी फक्त त्याला नाव दिलं.'

मग तिने हिशेब सांगितला. पुण्यातले मोठे खासगी रुग्णालय. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. दिवस गेल्याचे कळल्यावर पुढचा करार झालाच नाही. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर दुसऱ्या ठिकाणी लागली, तर आठवड्यातून तीन रात्रपाळ्या. आई श्रीरामपूरला, सासू गावी, नवरा कंपनीत शिफ्टला. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद. पाळणाघराचे, रिक्षाचे आणि औषधाचे पैसे वजा जाता पगारातून जे उरायचे, त्यात महिन्याचे दूधही भागत नव्हते. शेवटी तिने राजीनामा दिला. त्यानंतर चार महिन्यांनी ती प्रार्थना मंडळात जाऊ लागली. तिथे तिला कळले, की आपण हरलो नाही, आपण देवाचे ऐकले.

मी म्हटले, 'म्हणजे निवड तुझी नव्हतीच.'

ती थांबली. म्हणाली, 'असंही नाही, मावशी. मला तान्ह्याजवळ राहायला आवडतंय. आई शाळेत असायची, मी शेजारच्या काकूंकडे वाढले. माझ्या मुलाला मी हवी आहे आणि मलाही तो हवा आहे. हे चूक आहे का?'

मी तिला चूक म्हणू शकले नाही. आजही म्हणत नाही.

हा प्रश्न आपण चळवळीतल्या बायांनी नीट ऐकला पाहिजे. दलित बाईला घरी बसण्याची सक्ती इतिहासात फारशी कोणी केलीच नाही. तिला घरी बसूच दिले नाही. चूल आणि मूल ही सवर्ण बाईची बेडी होती. आमच्या बाईच्या वाट्याला चूल-मूल होतेच, वर पाटलाच्या वाड्याचे अंगण, वतनाची वेठ, खळ्यावरचे काम आणि रस्त्यावरची खडी होती. तिचे दूध तिच्या लेकराला वेळेवर मिळाले नाही. याच प्रवरेच्या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या फडात आजही कोयता चालवणारी बाई पाचटाच्या कोपीत तान्हे ठेवून पहाटे निघते. पाळीचा खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांनी गर्भाशये काढून घेतल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या व्यवस्थेने बाईचे गर्भाशयच मजुरीच्या आड येते असे ठरवले, तिथे 'मला माझ्या मुलाजवळ राहायचे आहे' असे म्हणणे हे मागासपण नव्हे. तो हक्क आहे.

अमेरिकेतल्या काळ्या बहिणींनी हेच सांगितले. १८६५ साली गुलामी संपली, तेव्हा हजारो काळ्या स्त्रियांनी मळ्यावरचे काम सोडून आपल्या घरात, आपल्या लेकरांजवळ राहायचे ठरवले. मळेवाले चिडले. ह्या बाया आता मडमा झाल्या, असे टोमणे मारू लागले. कालपर्यंत जिचे मूल बाजारात विकले जात होते, तिने आज ते छातीशी धरले, हा त्यांना माज वाटला. पुढे १९६३ मध्ये बेटी फ्रिडन यांनी घरात कोंडलेल्या सुखवस्तू गोऱ्या गृहिणींचे दुःख मांडले, आणि ते गाजले. १९८४ मध्ये काळ्या लेखिका बेल हुक्स यांनी विचारले, की आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राबतोच आहोत, मग बाहेरचे काम म्हणजे मुक्ती हे आम्ही कसे मानावे? डॉ. आंबेडकरांच्या लेकींना हा प्रश्न समजायला भाषांतराची गरज नाही.

पण येथेच सावध राहायला हवे. गुलामीतून सुटलेल्या बाईने आपल्या इच्छेने मूल छातीशी धरणे वेगळे. कराराने रस्त्यावर आणलेल्या बाईला 'हीच देवाची इच्छा' म्हणून टाळ्या वाजवणे वेगळे. पहिल्यात तिचा हक्क आहे. दुसऱ्यात रुग्णालयाच्या मालकाची सुटका आहे. बाळंतपणाची रजा बुडवणारा, पाळणाघर न काढणारा मालक नामानिराळा राहतो, आणि त्याने केलेला अन्याय चर्चमध्ये जाऊन पुण्य होतो. धर्माचे हे जुनेच काम आहे. आपल्या वाट्याला तेच आले होते. मेलेले ढोर ओढणे हे आमचे कर्म आहे, असे आम्हाला सांगितले गेले. तिला ते पाचारण आहे, असे सांगितले जाते. शब्द बायबलचा, पण ताल मनूचा. त्याच मनूचा ग्रंथ महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला.

आणि बायबल तरी एवढेच सांगते काय? मी ख्रिस्ती नाही, पण शेजारधर्म म्हणून वाचलेले आहे. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री शेत पाहून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून विकते. प्रेषितांच्या कृत्यांतली लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करते आणि तिच्याच घरात मंडळी जमते. मार्था स्वयंपाकाच्या धांदलीत असते, तिची बहीण मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते. मार्था तक्रार करते, तेव्हा येशू कोणाची बाजू घेतो? चुलीची नव्हे, शिकणारीची. आमच्या ख्रिस्ती बहिणींना माझी विनंती आहे, की वचन जरूर ऐकावे, पण सगळे ऐकावे. कोणी निवडून दिलेले एवढेच ऐकू नये. अमेरिकेत आज समाजमाध्यमांवर 'ट्रॅडवाइफ' नावाचा जो डौल चालला आहे, तो मोबाईलवरून आपल्या वस्त्यांतही उतरला आहे. तिथे घर मोठे, विमा भक्कम, बँकेत पैसा. तिथली फॅशन इथल्या दोन खोल्यांत आली की तिची फाशी होते.

आता व्यवहाराकडे वळू. घरी बसलेल्या ख्रिस्ती आईच्या पदरात कायद्याने काय आहे? मृत्युपत्र न करता नवरा वारला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मुले असलेल्या विधवेला एक तृतीयांश वाटा मिळतो. बाकीचा मुलामुलींत सारखा वाटला जातो. ठीक आहे. पण नवरा जिवंत असताना तिचे काय? तिने बारा वर्षे घर सांभाळले, त्या घराच्या उताऱ्यावर तिचे नाव नाही. १८६९ चा घटस्फोटाचा कायदा तर २००१ पर्यंत असा होता, की नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. दावा चालू असताना मिळणारी पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून जास्त असता कामा नये, असे बंधन होते. २००१ च्या दुरुस्तीने हे दोन्ही गेले. पण गेले ते कोणाच्या प्रवचनामुळे नव्हे. ख्रिस्ती स्त्रियांनी वर्षानुवर्षे झगडून ते घालवले. ज्या बाया बाहेर पडल्या, त्यांनीच घरात बसलेल्या बाईचे संरक्षण मिळवले.

घरकामाला किंमत नाही, हे तर सरकारच सांगत आले. २००१ च्या जनगणनेने घर सांभाळणाऱ्या बाईला भिकारी, कैदी, वेश्या यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका अपघाताच्या खटल्यात त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. ख्रिस्ती असो, बौद्ध असो, हिंदू असो, मुसलमान असो, या २८९ मिनिटांना धर्म नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही प्रवचनात ऐकू येत नाही. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला सरकारी रुग्णालयात कायम नोकरी असती, तर बाळंतपणाची भरपगारी रजा घेऊन ती पुन्हा कामावर गेली असती. ती संधी तिच्यासाठी इतकी अरुंद का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि आपण लढल्यावर १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यांची बोळवण ओबीसींच्या यादीत झाली. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढून टाकावी असे सांगितले. ते बासनात गेले. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. एकाच आजीच्या वाड्यातल्या दोन नाती, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. गावाने दोघींची जात सारखीच लक्षात ठेवली. सरकारने फक्त एकीची ठेवली. वाटेकरी वाढतील म्हणून आपल्यातले काही जण या मागणीला कचरतात. त्यांना एवढेच सांगते, की जागा वाढवून मागा, भावंडांना दार लावू नका.

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? त्यांनी आईपणाची आरती केली नाही, आणि आईपणाला हिणवलेही नाही. त्यांनी त्याचा खर्च कोणी द्यायचा ते विचारले. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलला पाहिजे आणि सरकारनेही आपला वाटा दिला पाहिजे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा झाल्या. १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात आला, तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी. हे रोहम आपल्या नगर जिल्ह्याचे. मूल कधी आणि किती, हे बाईच्या प्रकृतीवर ठरावे, असे म्हणणारा आवाज नगरने ८५हून अधिक वर्षांपूर्वी मुंबईला पाठवला होता. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना बजावले, की लग्नाची घाई करू नका आणि केलेच तर नवऱ्याची दासी होऊ नका, त्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. हिंदू कोड बिल बारगळले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. नोकरी सोडण्याचे हेही एक उदाहरण आहे. त्यांनी ती बाईच्या हक्कासाठी सोडली.

आता जरा आपल्या घरात डोकावू, नाहीतर दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ तेवढे दिसेल. माता रमाईंना आपण त्यागमूर्ती म्हणतो. त्यांनी शेणी थापल्या, चार लेकरे मातीत ठेवली, संसार ओढला आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो, व्हावेच. पण दरवर्षी जयंतीला व्यासपीठावरून त्यागाचे पोवाडे गाणारा कार्यकर्ता घरी जाऊन ताट मांडलेले मागतो, तेव्हा तो रमाईंचा मान ठेवतो की स्वतःची सोय पाहतो? रमाईंचा त्याग हा दारिद्र्याने लादलेला होता. तो पुन्हा कोणाच्या सुनेवर येऊ नये, हे त्यांचे खरे स्मरण. आपल्याकडेही शिकलेल्या सुना 'आमच्याकडे बाईने नोकरी केलेली चालत नाही' या वाक्याखाली घरी बसल्या आहेत. चार पैसे आले की पहिली हौस ही, की बाईला कामावर न पाठवणे. कालचा मजूर आज साहेब झाला, याचा पुरावा म्हणून बायको घरी बसवली जाते. त्याला ना बायबल लागते ना मनुस्मृती.

मग करायचे काय? प्रथम, जी आई घरी आहे तिला हिणवणे बंद. ती काम करते, तिचे काम मोजा. राहत्या घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर तिचे नाव लावा. हे कोणत्याही सरकारची वाट न पाहता उद्या सकाळी करता येते. चर्चला टाळ्याच वाजवायच्या असतील, तर आपल्या बायकोचे नाव घराला लावलेल्या पुरुषांना उभे करून वाजवाव्यात. दुसरे, २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर, हे कायद्यात आले. अकरा महिन्यांच्या कराराने ते कागदावरच मारले जाते. नर्सेसच्या, विनाअनुदानित शिक्षिकांच्या, आशाताईंच्या आणि ऊसतोड बायांच्या या लढ्यात आपल्या संघटनांनी ख्रिस्ती बहिणींना बरोबर घ्यावे. तिसरे, मिशनच्या आवारांत जागा आहे, शाळा आहेत, पूर्वीची वसतिगृहे आहेत. ज्या समाजाने शंभर वर्षांपूर्वी नर्स घडवली, त्याला तिच्या मुलासाठी रात्री चालू राहणारे पाळणाघर उघडणे अवघड नाही. मातृत्वावरच्या दहा प्रवचनांपेक्षा असे एक पाळणाघर देवाला जास्त आवडेल, असे मला वाटते. आणि शेवटचे, बाप. मरियेच्या शेजारी योसेफही होता. तीन दिवसांच्या त्या शिबिरात 'ख्रिस्ती पिता' या विषयाला एक तासही नव्हता.

परतीच्या दिवशी सकाळी बस येईपर्यंत मी पुन्हा त्या मुलीजवळ बसले होते. ती म्हणाली, 'मावशी, माझं परिचारिका परिषदेचं नूतनीकरण यंदा आहे. करू का नको, विचार करतेय. दोन-तीन वर्षांनी पोरगा शाळेत जाईल.' मी म्हटले, 'कर. घरी रहायचं तर राहा, पण नोंदणी सोडू नकोस. दार उघडं ठेव.' तिची आई तिकडून म्हणाली, 'फॉर्म मी भरते, फी पण मीच भरीन.' बायबल बाईची नात बोलत होती.

दारात किटली घेऊन उभी असलेली ती बाई तेव्हा अंगणात भांडी घासत होती. मूल पाठीवरच झोपले होते. मी तिला विचारले, 'बाई, घरी कोणी नाही का याला सांभाळायला?' ती हसून म्हणाली, 'घरी राहिले तर आणायचं कुठून?'

तिच्यासमोर ना पाचारण होते ना निवड. ज्या दिवशी ती बाई मूल घरी ठेवून कामावर जाऊ शकेल किंवा काम ठेवून मुलाजवळ बसू शकेल, आणि दोन्हींत तिची भाकरी जाणार नाही, त्या दिवशी आपण निवडीबद्दल बोलू. तोपर्यंत टाळ्या जपून वाजवा. जय भीम!